सोनी झेडव्ही-ई१०: वॉरगेमच्या टेबलावर टांगायचा कॅमेरा, मुंबईच्या छताखाली

कॅमेरा घेण्याआधी छत मोजा. मुंबईतल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये छत साधारण ९ फुटांवर, म्हणजे २७५ सेंटीमीटरवर असतं. त्याला पंखा लटकलेला, पाती २४०च्या आसपास. टेबल ७५ सेंटीमीटर उंच. पंख्यापासून सुरक्षित अंतर राखून कॅमेरा बसवला की लेन्स आणि टेबल यांच्यात जेमतेम १४५ सेंटीमीटर उरतात. वॉरहॅमर ४०,००० या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळाचा २,००० पॉइंट्सचा सामना ६० बाय ४४ इंचांच्या टेबलावर होतो, आणि ते अख्खं टेबल या १४५ सेंटीमीटरवरून दिसलं पाहिजे. सोनीचा झेडव्ही-ई१० या कामाला पुरतो का, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. व्लॉगिंग आणि लग्नाच्या रील्ससाठी त्याच्यावर ढिगाने लिहून झालंय.

कॅमेरा जुलै २०२१चा. एपीएस-सी सेन्सर, २४.२ मेगापिक्सेल, बॅटरी आणि कार्डासह वजन ३४३ ग्रॅम. सोबत येणारी १६-५० मिलिमीटरची लेन्स ११६ ग्रॅमची. डोक्यावर टांगायच्या वस्तूचं वजन अर्ध्या किलोच्या आत बसतं हा त्याचा पहिला गुण, आणि तो जाहिरातीत कुठेही लिहिलेला नसतो.

आता मुख्य हिशोब. लेन्स १६ मिलिमीटरवर ठेवली की १४५ सेंटीमीटरवरून १६:९च्या चौकटीत अंदाजे २१३ सेंटीमीटर रुंद आणि १२० सेंटीमीटर उंच भाग येतो. ४४ इंच म्हणजे ११२ सेंटीमीटर. वर चार, खाली चार सेंटीमीटर मोकळे, टेबल आत. पण ४केमध्ये हे फक्त सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम्सवर. हाच कॅमेरा ४के ३० फ्रेम्सवर टाकला की तो सेन्सरच्या कडा सोडून देतो, चित्र १.२३ पटीने आवळलं जातं आणि उंची ९७ सेंटीमीटरवर येते. दोन्ही लांब कडांना सात-सात सेंटीमीटर, म्हणजे जवळपास ३ इंच, गायब. डॉन ऑफ वॉर पद्धतीचं डिप्लॉयमेंट, म्हणजे लांब कडांवर समोरासमोर सैन्याची मांडणी, असेल तर नेमक्या मागच्या रांगेत लपवलेल्या तोफा चौकटीबाहेर जातात, आणि मग कमेंटमध्ये ‘ही गोळी आली कुठून?’ सुरू होतं.

म्हणून मेनूत जाऊन एनटीएससी/पाल सिलेक्टर (३०-६० फ्रेम्सची अमेरिकी पद्धत की २५-५०ची आपली) पालवर आहे ना ते बघा, आणि ४के २५ फ्रेम्स निवडा. सेकंडहँड घेतलेल्या कॅमेऱ्यात आधीच्या मालकाने तो एनटीएससीवर टाकलेला असू शकतो. परदेशी यूट्यूबरच्या सेटिंग्ज जशाच्या तशा उचलल्या की हेच होतं. तिकडे अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यांचं गणित वेगळं.

आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या ट्यूबचा आणि स्वस्त एलईडी पट्टीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला उजेडाचा सारखाच वाटा मिळतो. १/६० ठेवलं तर मिळत नाही, आणि टेबलावर अंथरलेल्या हिरव्या मॅटवरून मळकट पट्टे हळूहळू सरकताना दिसतात. एडिटिंगमध्ये हे निस्तरणं जिकिरीचं असतं. ३० फ्रेम्सवरही शटर हाताने १/५०वर ठेवता येतं, त्यामुळे नुसत्या फ्लिकरसाठी, म्हणजे या लुकलुकण्यासाठी, २५ फ्रेम्सची सक्ती नाही. पण २५ आणि १/५० ही जोडी लावली की रुंदीचा आणि फ्लिकरचा असे दोन्ही प्रश्न एकाच फटक्यात सुटतात. फोनच्या स्क्रीनवर २५ फ्रेम्सची हालचाल किंचित अडखळते हे खरं, पण वरचा कॅमेरा हलतच नाही. हलतो तो हात, आणि हाताकडे कोणी इतकं निरखून बघत नाही.

वरच्या कॅमेऱ्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे आधी ठरवलेलं बरं. ४के चित्रात या उंचीवरून एका सेंटीमीटरला साधारण १८ पिक्सेल मिळतात. ३२ मिलिमीटरचा बेस म्हणजे ५८ पिक्सेल. प्रेक्षक १०८०वर बघत असेल तर २९. एवढ्यात युनिट कुठे आहे, ऑब्जेक्टिव्हवर (ताब्यात घ्यायच्या ठिकाणावर) किती मिनी, म्हणजे छोटे सैनिक, आहेत, चार्ज (धावून केलेला हल्ला) ९ इंचांचा होता की १०चा, हे कळतं. चिलखतावरचं एज हायलाइटिंग, कडांवर ओढलेल्या उजळ रेघा, दिसणार नाही. तीन आठवडे खपून रंगवलेली आर्मी वरून फक्त ठिपक्यांसारखी दिसली म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नये. त्यासाठी खालून दुसरा कॅमेरा लागतोच.

दुसरी मर्यादा भूमितीची, ती कुठल्याच कॅमेऱ्याने टळत नाही. लेन्स टेबलाच्या मधोमध असते, त्यामुळे कडेच्या भिंती बाहेरच्या बाजूला कलल्यासारख्या दिसतात. टेबलाच्या आखूड कडेजवळ १५ सेंटीमीटर उंच पडकी इमारत असेल तर ती आपल्या पाठीमागची जवळपास ९ सेंटीमीटर जागा झाकते. पाच जणांचं अख्खं पथक तिथे दडून बसतं. उपाय साधे आहेत: उंच टेरेन (इमारती, भिंती) शक्यतो मध्याकडे, कडांना बुटके ढिगारे आणि पिंपं, किंवा एल आकाराच्या भिंतीचा कोपरा बाहेर आणि उघडी बाजू मध्याकडे. नियमांच्या मांडणीत टेरेन हलवता येत नसेल तर अशा युनिटच्या चालीपुरता बाजूच्या कॅमेऱ्यावर कट घ्या.

किल टीम हा याच खेळाचा छोटा भाऊ खेळणाऱ्यांना यातलं काहीच सोसावं लागत नाही. ३० बाय २२ इंचांचा बोर्ड ८० सेंटीमीटरवरूनही आरामात मावतो, आणि तिथे त्याच ३२ मिलिमीटरच्या बेसला शंभरावर पिक्सेल मिळतात. उलट जुन्या ६ बाय ४ फुटांच्या टेबलावर खेळणाऱ्यांचे हाल. १२२ सेंटीमीटर रुंदी १४५वरून मावत नाही. टेबल खाली घ्या, नाहीतर पंखा काढा. आठ बाय चारच्या प्लायमधून ६० बाय ४४चा तुकडा कापून घेतला तर उरलेल्या तुकड्यात किल टीमचा बोर्डही निघतो. फक्त प्लाय १८ मिलिमीटरचा घ्या, १२चा मध्ये झोळ घेतो आणि डाइस सगळे मध्यावर घरंगळतात.

टांगण्याची सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची पद्धत म्हणजे फोटो स्टुडिओतला बॅकड्रॉप स्टँड: दोन तिवया आणि त्यांच्यावर आडवी दांडी. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या ॲक्सेसरीजची दुकानं लागून आहेत, तिथे तो मिळतो. सोबत एक सुपर क्लॅम्प (दांडीला घट्ट बसणारी पकड) आणि एक बॉल हेड (कॅमेरा हव्या त्या कोनात वळवणारं) घ्या. तिवया टेबलाच्या आखूड बाजूंना, मधलं अंतर अडीच मीटर, म्हणजे खेळाडूंच्या लांब बाजू मोकळ्या राहतात. १० बाय १२च्या खोलीत हे खोलीच्या लांबीला बसतं. दांडी चार तुकड्यांची असते आणि जोडांवर किंचित वाकते. कॅमेरा, हेड, क्लॅम्प मिळून किलोभर वजन झालं की मध्ये बोटभर झोळ येतो, तो चालतो. चालत नाही ते हलणं. तिवईच्या पायाला कोणाचा पाय लागला की चित्र दोन-तीन सेकंद डुलतं, म्हणून प्रत्येक तिवईवर पाच किलोची तांदळाची पिशवी टाका. वाळूची पिशवी वेगळी विकत घ्यायची गरज नाही. आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीतून एक दोरी दांडीला बांधा. क्लॅम्प सुटला तर खाली फक्त प्लॅस्टिकचे सैनिक नसतात, खेळाडूंची डोकीही असतात.

कॅमेरा सरळ खाली बघतोय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. गवंड्याचा ओळंबा वापरा. दोऱ्याला नट बांधून तो लेन्सच्या मधोमध धरा; नट मॅटच्या मध्यबिंदूवर टेकला पाहिजे. मग स्क्रीनवर ग्रिड लावून टेबलाच्या चारही कडा रेषांना समांतर आहेत का बघा. एक कड तिरकी गेली तर दोन्ही बाजूंचे ६ इंच सारखे दिसत नाहीत, आणि मोजमापाच्या खेळात हे खपत नाही.

इथे झेडव्ही-ई१०चा एक गुण मनापासून आवडतो. स्क्रीन बाजूला उघडून लेन्सच्या दिशेला फिरवता येते. कॅमेरा छताशी पालथा टांगलेला असताना ती स्क्रीन खाली, तुमच्याकडे तोंड करून राहते. स्टूल न घेता चौकट तपासता येते. रेकॉर्डिंग सुरू असलं की पुढचा दिवा लागतो आणि स्क्रीनभोवती लाल चौकट येते, तीही खालून दिसते. तीन तासांचा सामना संपल्यावर बटण दाबलंच नव्हतं हे लक्षात येण्याची नामुष्की टळते. बटण मात्र बोटाने दाबू नका, दांडी हलते. आरएमटी-पी१बीटी हा ब्लूटूथ रिमोट घ्या किंवा फोनवरचं ॲप वापरा.

सेटिंग्जमध्ये जे जे ऑटो आहे ते बंद. फोकस मॅन्युअल, कारण ऑटोफोकस चेहरे आणि हात शोधत फिरतो. मिनी उचलायला हात आला की टेबल धूसर होतं. हा कॅमेरा जवळच्या वस्तूवर झटकन फोकस नेतो म्हणून नावाजला जातो. वरून टांगल्यावर नेमका तोच गुण नडतो. समोर धरलेल्या वस्तूवर फोकस नेणारा प्रॉडक्ट शोकेस मोडही बंदच हवा. लेन्स एफ/५.६वर ठेवली की टेबलापासून अर्धा मीटर वरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं, तेव्हा एकदा लावलेला फोकस सामनाभर पुरतो. एक खाच: ही लेन्स मोटरवर चालते, कॅमेरा बंद केला की आत जाते. पुन्हा चालू केल्यावर फोकस आणि झूम दोन्ही तपासा. व्हाइट बॅलन्स केल्विनच्या आकड्यावर बांधा, नाहीतर लाल आर्मी पुढे सरकली की मॅट निळसर होतं. आयएसओ ८००पर्यंत ठेवा, १,६०० ही शेवटची मर्यादा समजा.

तेवढ्या आयएसओत भागायचं तर उजेड हवा. चार फुटी, २० वॅटच्या दोन एलईडी बॅटन पुरतात. लोहार चाळीत त्या हव्या तशा मिळतात. घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचा मागा, नाहीतर माणसांची कातडी आणि सोनेरी रंग दोन्ही मेल्यासारखे येतात. त्या टेबलाच्या आखूड बाजूंना, डोक्याच्या वर, तिरक्या लावा. लांब बाजूंना लावल्या तर खेळाडू वाकला की त्याची सावली अख्ख्या डिप्लॉयमेंट झोनवर पडते. बॅटनपुढे ट्रेसिंग पेपर लावला की सावल्या मऊ होतात. खोलीतली भिंतीवरची ट्यूब बंद, विशेषतः ती पंख्याच्या पात्यांच्या वर असेल तर. पाती उजेड कापतात आणि टेबल लुकलुकतं. १/५०चं शटर इथे काहीच करू शकत नाही. पंख्याच्या वाऱ्याने दांडीही हलते. मे महिन्यात पंखा बंद ठेवून तीन तास खेळणं ही शिक्षाच, पण एसी असेल तर त्याची घरघर आवाजाच्या लो-कटने बरीच जाते.

मॅटबद्दल एक इशारा. नाक्यावर फ्लेक्सवर मॅट छापून घेणं फार स्वस्त पडतं, आणि कॅमेऱ्याखाली ते फार वाईट दिसतं. फ्लेक्स चकाकतो. वरून बघणाऱ्या लेन्सला दोन्ही बॅटनचे पांढरे ओरखडे मॅटवर दिसतात, त्यात पांढरे ऑब्जेक्टिव्ह मार्कर बुडून जातात. निओप्रीन किंवा कापडावरचं प्रिंट घ्या. मिनींवरही शेवटचा हात न चकाकणाऱ्या व्हार्निशचाच.

बॅटरी एनपी-एफडब्ल्यू५०. सामना तीन तासांचा आणि ही बॅटरी त्याच्या बरंच आधी मान टाकते. यूएसबी पॉवर सप्लाय ऑन करून टाइप-सी केबलने चार्जर जोडा, बॅटरी आत राहू द्या. कार्ड आणि बॅटरी यांचं झाकण एकच, आणि ते तळाला. क्लॅम्पची प्लेट त्याच्यावर बसते, त्यामुळे कार्ड काढायचं तर सगळं सोडवावं लागतं. म्हणून कार्ड पहिल्यापासून पुरेसं मोठं टाका: ६० मेगाबिटवर तासाला २७ जीबी लागतात, तीन तास १२८ जीबीत मावतात. १०० मेगाबिटवर तासाला ४५ जीबी, म्हणजे तिसऱ्या तासाच्या शेवटी, नेमक्या पाचव्या राउंडमध्ये, कार्ड भरतं. टेबल स्थिर आहे, ६० पुरे. ‘ऑटो पॉवर ऑफ टेंप’ हाय करा आणि दर राउंडला रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा. पाच राउंड, पाच फाइली. एडिटिंगही सोपं होतं.

थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी बातमी तितकीशी चांगली नाही. यूएसबीवरून थेट लॅपटॉपला जोडलं तर ७२० एवढंच मिळतं, त्यात ३२ मिलिमीटरचा बेस १९ पिक्सेलचा. तेवढ्यात टर्मिनेटर आणि पिंप यांतला फरक कळत नाही. कॅम लिंक ४के सारखं, कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपात घेणारं कॅप्चर कार्ड लागतं आणि मेनूत एचडीएमआय इन्फो डिस्प्ले ऑफ करावा लागतो. खरं दुखणं पुढे आहे. या कॅमेऱ्याचं एचडीएमआय मायक्रो आहे, नखाएवढं, नाजूक. पाच मीटरची जाड केबल वरून लोंबकळली की तिचं सगळं वजन त्या खाचेवर येतं. आधी चित्र तुटतं, मग पोर्टच सैल होतं. मायक्रो ते साधं एचडीएमआय अशी वीतभर लांबीची पातळ केबल कॅमेऱ्याला लावा, तिचा दुसरा जोड वेल्क्रोने दांडीला घट्ट बांधा आणि जाड केबल तिथून पुढे न्या. ओढ दांडीवर आली पाहिजे, पोर्टवर नाही. लॅमिंग्टन रोडवर असल्या केबल्स ढिगाने आहेत. सगळ्यात पातळ आणि लवचिक ती निवडा.

ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये या चौकटीचा एक फायदा मिळतो. टेबल रुंदीला कमी पडतं, त्यामुळे १९२०च्या चित्रात दोन्ही बाजूंना साधारण २७० पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. एकात एका खेळाडूचे, दुसऱ्यात दुसऱ्याचे व्हीपी (विजयाचे गुण) आणि सीपी (कमांड पॉइंट्स) टाका. प्रायमरी ५०, सेकंडरी ४०, रंगवलेल्या आर्मीचे १०, एकूण १००चा तक्ता उभ्या पट्टीत छान बसतो. आणि त्या पट्ट्यांमागे तिवयांचे पाय आपोआप झाकले जातात.

डाइस वरून वाचता येत नाहीत, प्रयत्न करू नका. फोन एका छोट्या तिवईवर, डाइस ट्रेपासून हातभर अंतरावर. ट्रेला मखमल किंवा फेल्ट चिकटवा; उघड्या प्लायवर २० डाइस पडले की माइकमध्ये पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय सुरू करा, २५ फ्रेम्स मिळतात. अँड्रॉइडवर ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप फ्रेम रेट आणि शटर दोन्ही हातात देतं, फोनला ते चालत असेल तर. एक कॅमेरा २५वर आणि दुसरा ३०वर असला की एडिटिंगमध्ये फासे हवेत गचके खात फिरतात.

आवाजासाठी कॅमेऱ्यावरचा माइक विसरा. तो दीड मीटर वर आहे आणि त्याला खोलीत घुमणारा आवाजच जास्त ऐकू येतो. ३.५ मिलिमीटरचं माइक पोर्ट आहे. हॉलीलँड लार्क एम२ सारखा दोन ट्रान्समीटरचा वायरलेस संच त्याला जोडा, एकेक कॉलरला. शेजारची कुकरची शिट्टी तरी येणारच.

दुसरी आवृत्ती, झेडव्ही-ई१० मार्क २, जुलै २०२४मध्ये आली. तिची एनपी-एफझेड१०० बॅटरी खूप मोठी आहे, ४के ६० फ्रेम्स आहेत. टांगलेल्या, चार्जरला जोडलेल्या, २५ फ्रेम्सवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला यातलं काहीच लागत नाही. वरच्या कामासाठी पहिलीच घ्या, तीही किट लेन्ससह, आणि वाचलेले पैसे उजेड आणि माइकवर घाला.

सेकंडहँड घेताना दोन गोष्टी दुकानातच करून बघा. फोनचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या लेन्सला हमखास लागते. मग कॅमेरा दुकानातल्या टीव्हीला मायक्रो एचडीएमआयने जोडायला सांगा आणि केबल हलक्या हाताने वर-खाली हलवा. चित्र एकदा जरी गेलं तरी तो पीस परत काउंटरवर ठेवा.